परातीतला तेलतवंग

तेलगळती शिकवताना आधी व्याख्या नको. परातभर पाण्यात हळद कालवलेलं दोन चमचे गोडेतेल ओता. दोऱ्यात स्ट्रॉ ओवून केलेल्या कड्याने मुलांना तवंग अडवू द्या, मग कापूस, काथ्या, स्पंज यांनी टिपू द्या. स्पंज पाणीही ओढतो, हे त्यांना स्वतःलाच कळू दे. भांड्यांचा साबण अगदी शेवटी. ढवळल्यावर तवंग फुटतो, मुलं "गेलं!" म्हणतात. तेव्हाच विचारा, कुठे गेलं? बारीक थेंब होऊन ते पाण्यातच राहिलेलं असतं.

कडेला मातीच्या गोळ्यात खराट्याच्या काड्या आधीच रोवून ठेवा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही जहाजं धडकली, तेव्हा तेल किनाऱ्यावरच्या खारफुटीत असंच शिरलं होतं. त्या काड्या न मोडता पुसायला सांगा.