मोठे इंजिन बसवलेल्या काँटेसासाठी पुढच्या स्प्रिंगा कशा निवडाव्यात

हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात १४८९ सीसीचे इंजिन होते आणि त्या लांबरुंद गाडीला ते अपुरेच पडत असे. म्हणून आजही साताऱ्यात कोणी जुनी काँटेसा उभी करायला घेतली की मोठ्या इंजिनाचा विचार आधी होतो आणि स्प्रिंगांचा विचार गाडीचे नाक खाली बसल्यावर. इंजिन बदलण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. ती घेतली आहे असे धरून पुढचे लिहितो.

जुने इंजिन उतरवण्याआधी फक्त पुढची चाके वजनकाट्यावर घेऊन वजन करावे आणि नवे इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी व रेडिएटरमधले पाणी यांसह सर्व बसल्यावर पुन्हा तसेच करावे. उसाचे मोठे काटे पाच, दहा किंवा वीस किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे लहान क्षमतेचा काटा शोधलेला बरा. त्याच वेळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावी. दोन्हींत फरक दिसला तर एक स्प्रिंग आधीच बसली, म्हणजे कायमची दबली, आहे.

आता खरा हिशेब. समजा, चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगखालचे वजन वजा करून एका पुढच्या चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन २४५ किलो होते आणि ते २७० झाले, म्हणजे साधारण दहा टक्के वाढले. गाडीची चाल पूर्वीसारखी राहावी असे वाटत असेल, तर स्प्रिंगचा कडकपणाही दहा टक्केच वाढायला हवा, आणि तो तसा वाढला तर मूळ लांबीच्याच स्प्रिंगवर गाडी मूळ उंचीला उभी राहते. मात्र कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १३ मिमीची असेल तर दहा टक्क्यांसाठी १३.३ मिमी पुरते; १४ मिमी घेतली तर स्प्रिंग सुमारे ३४ टक्के कडक होते. "एक नंबर जाड तार टाका" हा सल्ला मी एकदा ऐकला आणि यवतेश्वरच्या घाटात प्रत्येक खड्ड्यावर पुढचे चाक रस्ता सोडू लागले. दोन महिन्यांत त्या स्प्रिंगा काढाव्या लागल्या.

इतक्या बारीक फरकावर सगळे अवलंबून असल्याने तार मोजण्यापूर्वी तिच्यावरचा रंग आणि गंज पॉलिशपेपरने घासून काढावा, कारण जुन्या रंगाचे दोन थरच आकडा फिरवतात. व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजावे आणि त्यांतला सर्वांत कमी आकडा धरावा. १३.३ची तार मिळाली नाही, तर १३ मिमीच ठेवून कार्यरत वेढे (प्रत्यक्ष दबणारे, टोकांचे सोडून) कमी करता येतात: आठ वेढ्यांऐवजी सव्वासात. पण मोकळी लांबी तीच ठेवून नवी स्प्रिंग वळवून घ्यावी. जुनीचा वेढा कापला तर ती कडक होते खरी, पण आखूडही होते आणि नाक आणखी खाली जाते. गॅसने तापवून खाली दाबलेली स्प्रिंग तर मुळीच वापरू नये. पोलादाचे पाणी उतरते आणि ती पुढे बसतच राहते.

अमेरिकेत जुन्या शेव्हरोलेतले लोखंडी इंजिन काढून त्याच कंपनीचे ‘एलएस’ नावाचे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवतात तेव्हा पुढचे वजन बहुधा घटते, म्हणून तिथे नरम स्प्रिंग लागते. हिशेब मात्र हाच.

काँटेसाच्या पुढच्या स्प्रिंगा दोन विशबोनमध्ये (चाक धरणाऱ्या वरच्या व खालच्या दांड्यांमध्ये) दाबून बसवलेल्या असतात. त्या काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे अवजार) वापरावा आणि गाडी विटांवर नव्हे, लोखंडी स्टँडवर ठेवावी. सुटलेली स्प्रिंग हात मोडते. उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतबाहेरचा कल, बदलतो, तेव्हा अलाइनमेंट करून घ्यावे. शॉकॲब्झॉर्बर चांगले असतील तर दहा टक्क्यांसाठी बदलावे लागत नाहीत. सुमारे पाचशे किलोमीटर चालवल्यावर मडगार्डची उंची पुन्हा मोजावी, कारण नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, आणि दोन्ही बाजू सारख्याच बसल्या आहेत हे पाहूनच अलाइनमेंट शेवटचे करावे.