सोलापुरी चादर बघायची कशी

सौंदर्य म्हणजे काय हे मी माझ्या चित्रकलेच्या क्लासात चादरीपासून शिकवते. तुम्हीही घरातली एक सोलापुरी चादर काढा, पण जुनी. दुकानातल्या चादरीकडे बघताना मन भाव करत असतं. वर्षानुवर्षं पांघरलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली घ्या आणि सकाळच्या उन्हात दोरीवर पूर्ण उलगडून टाका.

पहिली पाच मिनिटं ‘छान’ म्हणायचं नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच मोठ्याने सांगायचं. काठ किती बोटं आहे, मोर किती, समोरासमोर की पाठमोरे? मुलं दोन वाक्यांत संपवतात. मी गप्प बसते. मग कुणीतरी म्हणतं, “मॅडम, मोराच्या मानेला पायऱ्या आहेत!” बघणं तिथून सुरू होतं.

त्या पायऱ्यांपाशी रेंगाळा. ही चादर जेकार्डच्या मागावर विणतात. त्यावर उभा धागा एकतर उचलला जातो, नाहीतर खाली राहतो. मधलं काही नसतं. जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे यंत्र आणलं तेव्हापासूनचा नियम हाच: नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक असेल तिथे धागा वर. म्हणजे मानेचा बाक चौकोनाला चौकोन जोडूनच आणायचा. एवढ्या अडचणीतून मोर डौलदार निघतो, आणि मला तो कुंचल्याने सरळ रंगवलेल्या मोरापेक्षा जास्त सुंदर वाटतो.

आता चादर उलटी करा. पुढे लाल तिथे मागे पांढरं, पुढे पांढरं तिथे लाल. कवी आणि सौंदर्याचे अभ्यासक बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. ते चादरीवर बोट ठेवून शोधा. मोराला मोर जुळतो तो संवाद. नक्षीचा रंग आणि तिच्यामागच्या कापडाचा रंग एकमेकांना भिडतात तो विरोध. समतोल सापडायला वेळ लागतो. भरगच्च काठ हाताने झाका, मधला भाग कसा पोरका होतो ते दिसेल.

यानंतर तिचा उपयोग आठवा. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये मांडलं की सौंदर्याचा आनंद निरिच्छ असतो. वस्तू हवीशी वाटणं वेगळं, सुंदर वाटणं वेगळं. म्हणूनच मी दुकानातली चादर नको म्हटलं. पण वस्तूच्या कामाशी बांधलेल्या सौंदर्याला तो निखळ म्हणत नाही, तिथे मी त्याच्याशी भांडते. माझे नाना सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. नवी चादर आली की ते नक्षी बघण्याआधी कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायचे. वीण सैल लागली तर मोर कितीही देखणा असो, ते मान हलवायचे. ऊब देणं हा त्यांच्या लेखी चादरीच्या रूपाचाच भाग होता, आणि मलाही तसंच वाटतं.

शेवटी शेजारच्या काकूंना हाक मारा. ‘मला आवडली’ म्हणालात तर वाद होणार नाही. ‘सुंदर आहे’ म्हणा. आता त्यांनाही ते पटावं अशी तुमची मागणी आहे, आणि ही मागणी कांटनेच नेमकी ओळखली. त्या नाही म्हणाल्या तर मानेच्या पायऱ्या दाखवा, काठ झाकून दाखवा, कापड त्यांच्या हातात द्या.