घरच्या बिअरमध्ये साखर किंवा मध घालताय? या चुका टाळा

साखर घातली की बिअर गोड होते, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. यीस्ट साखर पूर्ण फस्त करतं आणि तिचं अल्कोहोल करतं, म्हणून बिअर उलट हलकी आणि कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होते. बेल्जियमची वेस्टमाले ट्रिपेल साडेनऊ टक्के अल्कोहोलची असूनही पोटाला जड वाटत नाही, ती या साखरेमुळेच. गोडवा हवा असेल तर क्रिस्टल माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेली गोडसर बार्ली, वाढवा.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय हे करता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. घरी बिअर बनवायच्या इथल्या बऱ्याच तयार किटच्या डब्यांवर ‘एक किलो साखर घाला’ असं छापलेलं असतं आणि नवखी माणसं तिथेच फसतात. साखरेत यीस्टला लागणारं नायट्रोजन अजिबात नसतं. प्रमाण वाढलं की बिअर पाणचट होते, सायडरसारखी (सफरचंदाच्या दारूसारखी) लागते. त्यातली निम्मी तरी साखर काढून माल्टची पावडर घाला. अंदाजासाठी सांगते, २० लिटरला अर्धा किलो साखर म्हणजे साधारण सव्वा ते दीड टक्का जास्त अल्कोहोल.

उकळत्या वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या पाण्यात) साखर ओतताना गॅस बंद करा. ती तळाशी बसते, खिरीसारखी करपते, आणि तो करपट वास मग शेवटपर्यंत जात नाही. कडक बिअर करत असाल तर सगळी साखर पहिल्या दिवशी नको. यीस्ट आधी सोप्या साखरेवर ताव मारतं आणि माल्टोजकडे, म्हणजे माल्टमधल्या साखरेकडे, वळताना मरगळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाक करून, गार करून घाला. कोरडी साखर टाकलीत तर फेस उसळून ओट्यावर येईल.

मधाचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण चांगला मध महाग असतो आणि बहुतेक जण तो उकळून वाया घालवतात. माझ्या पहिल्या खेपेला स्वयंपाकघरभर इतका सुंदर वास सुटला होता की मी दार लावून घेतलं. महिन्याभराने बाटली उघडली तर मधाचा मागमूस नव्हता. घरभर पसरलेला तो वास बिअरमधूनच उडून गेला होता. आता मी फसफस ओसरू लागली की मध कोमट पाण्यात सैल करून फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, सोडते. गोडी तरीही उरत नाही, पण फुलांचा वास राहतो.

गूळही चालतो, विशेषतः स्टाउट या काळ्या बिअरमध्ये. भारतीय दुकानातला पिवळाधमक गूळ घेऊ नका, तो पुष्कळदा हायड्रोस नावाच्या रसायनाने उजळलेला असतो. काळपट घ्या.

बाटलीत भरताना फेसासाठी घालायची साखर मात्र चमच्याने कधीच मोजू नका, वजनकाटा वापरा. २० अंश तापमानाच्या बिअरला लिटरमागे सहा ग्रॅम पुरेत. मध वापरलात तर साधारण साडेसात. त्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरमध्ये किती साखर उरली ते दाखवणाऱ्या नळीचं) माप सलग तीन दिवस हललेलं नसावं. नाहीतर उरलेली साखर आणि ही नवी साखर मिळून इतका वायू होतो की काच फुटते. एखादी बाटली उघडताच कारंजं उडालं, तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आणि थंड झाल्यावर टॉवेल गुंडाळून, तोंड दूर धरून एकेक झाकण हळूच सैल करा.