पट्ट्यांचे लोकरी पांघरूण क्रोशाने घरी कसे विणावे

साताऱ्यात दिवाळी उरकली की अजिंक्यताऱ्यावरून उतरणारे वारे संध्याकाळी घराच्या खिडक्या लावायला लावते आणि कपाटातली पांघरुणे बाहेर निघतात. आपल्या भागात अंगावर घ्यायला दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत : जुन्या लुगड्यांची वाकळ आणि माणदेशातल्या मेंढ्यांच्या लोकरीचे घोंगडे. घोंगड्याच्या काठाला काळ्या, पांढऱ्या आणि तपकिरी लोकरीचे जे पट्टे असतात, ते मेंढीच्या मूळ रंगांतूनच आलेले असतात. त्यांना रंग द्यावा लागत नाही. क्रोशाचे पांघरूण विणायला घेताना पट्ट्यांची कल्पना मी या काठांवरूनच घेतली. मात्र आपली दख्खनी लोकर जाडीभरडी आणि टोचणारी असते. चिंचोक्याची खळ देऊन विणलेल्या घोंगड्याला ती शोभते, बाळाच्या अंगावर घ्यायच्या पांघरुणाला नाही. म्हणून येथे बाजारात सहज मिळणारी मऊ अ‍ॅक्रिलिक लोकर धरून सर्व मोजमाप दिले आहे.

हे पांघरूण सुमारे ८० सेंटिमीटर रुंद आणि ९५ सेंटिमीटर लांब होते. बाळंतविड्यात द्यायला, मांडीवर घेतलेल्या बाळाला गुंडाळायला किंवा आजीच्या गुडघ्यांवर टाकायला हे माप पुरेसे आहे. ज्यांना साखळी (सुईवरच्या फासातून लोकर ओढून केलेला साधा फास) आणि खांब (उभा, उंच टाका) एवढे दोनच प्रकार येतात, त्यांनाही ते जमते. अडचण टाक्यांची नसून मोजणीची असते, कारण एकरंगी विणकामात खपून जाणारी चूक पट्ट्यांमध्ये लपत नाही : पट्टा तिरका गेला की तो कोणालाही दुरून दिसतो.

साहित्य

मध्यम जाडीची लोकर एकूण ५०० ग्रॅम लागेल : साईच्या रंगाची २५०, गडद तपकिरी १५० आणि हळदी पिवळी १००. चार मिलिमीटरची क्रोशाची सुई, पायाच्या साखळीसाठी पाच मिलिमीटरची दुसरी सुई, लोकर ओवता येईल अशी मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, मोजपट्टी आणि चार-पाच सेफ्टी पिना घ्याव्यात. घरात आईच्या किंवा सासूबाईंच्या डब्यात सापडणाऱ्या पोलादी बारीक सुया रुखवतातले रुमाल आणि तोरणे विणण्यासाठी, म्हणजे सुती दोऱ्यासाठी असतात. त्यांनी लोकर विणू नये, कारण सुईचे टोक लोकरीचे धागे फाडते आणि वीण लाकडासारखी ताठ होते.

लोकर घेताना गुंड्याच्या वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, अवश्य पाहावा आणि एका रंगाचे सर्व गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत. एकदा मी साई रंगाची लोकर दोन गुंडे कमी आणली आणि तीन आठवड्यांनी त्याच दुकानातून त्याच नावाची आणखी लोकर घेतली. दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसत होत्या. सकाळी अंगणात पांघरूण उलगडले तेव्हा शेवटचे चार पट्टे स्पष्टपणे पिवळट होते. तेव्हापासून मोती चौकात लोकर घ्यायला गेले की गुंडे दुकानाच्या पायरीवर, उजेडात नेऊन शेजारी शेजारी ठेवून पाहते.

आधी नमुन्याचा तुकडा

हा टप्पा बहुतेक जणी गाळतात आणि नंतर पांघरूण एक तर सतरंजीएवढे होते किंवा उशीच्या अभ्र्याएवढे. ठरवलेल्या लोकरीने आणि चार मिलिमीटरच्या सुईने १५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन खांबांनी विणावा, धुऊन वाळवावा आणि मग त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती खांब आणि किती ओळी बसतात ते मोजावे. कडेचे खांब मोजू नयेत, ते नेहमी थोडे ओढलेले असतात. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब आणि ८ ओळी बसतात. त्या हिशेबाने ८० सेंटिमीटर रुंदीला १२८ खांब आणि ९५ सेंटिमीटर लांबीला ७६ ओळी लागतात. आपला हात घट्ट असेल तर खांब जास्त भरतील. अशा वेळी हात सैल करण्याचा प्रयत्न करू नये, तो चार ओळींनंतर पुन्हा मूळपदावर येतो. त्यापेक्षा सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्यावी.

याच तुकड्यावरून लोकरीचा अंदाजही काढता येतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझा चौकोन ११ ग्रॅम भरला. त्याचे क्षेत्रफळ २२५ चौरस सेंटिमीटर आणि पांघरुणाचे ७,६००, म्हणजे सुमारे ३४ चौकोन आणि ३७४ ग्रॅम लोकर. एका ओळीला साधारण पाच ग्रॅम पडतात. वर दिलेल्या ५०० ग्रॅममध्ये काठ, शेपटे (लोकरीची सुटी टोके) आणि चुकून उसवावे लागणारे काम यांची सोय धरलेली आहे.

पट्ट्यांची मांडणी

प्रत्येक पट्टा चार ओळींचा धरावा आणि एकूण १९ पट्टे घ्यावेत. पहिला साई, दुसरा तपकिरी, तिसरा साई, चौथा हळदी, पुन्हा साई, पुन्हा तपकिरी, असा क्रम चालू ठेवला की साईचे १०, तपकिरीचे ५ आणि हळदीचे ४ पट्टे होतात आणि दोन्ही टोकांना साई व तिला लागून तपकिरी पट्टा येतो. वीस पट्टे घेतले तर एक टोक साईवर आणि दुसरे हळदीवर संपते आणि पांघरूण मध्येच थांबवल्यासारखे वाटते. पट्ट्याच्या ओळींची संख्या सम ठेवण्यामागेही कारण आहे : रंग नेहमी एकाच कडेला बदलतो. त्यामुळे साईची लोकर प्रत्येक वेळी कापावी लागत नाही. मधला रंगीत पट्टा होईपर्यंत ती कडेला थांबते, त्या पट्ट्याची दुसरी ओळ त्या कडेला पोचली की चालू लोकर तिच्याभोवती एकदा फिरवून घ्यावी आणि चौथ्या ओळीनंतर तिला पुन्हा सुईवर घ्यावे. ती ओढून धरू नये, नाहीतर ती कड आखडते. तपकिरी आणि हळदी लोकर मात्र प्रत्येक पट्ट्यानंतर १५ सेंटिमीटरचे शेपूट ठेवून कापावी.

पाया आणि पहिली ओळ

पाच मिलिमीटरच्या सुईने १३० साखळ्या घालाव्यात. साखळी घट्ट झाली तर पांघरुणाचा खालचा काठ धनुष्यासारखा वाकतो, म्हणूनच ही मोठी सुई. दर २० साखळ्यांनंतर एक सेफ्टी पीन अडकवली म्हणजे शंभराच्या पुढे मोजणी चुकली तरी पहिल्यापासून मोजावे लागत नाही. नंतर चार मिलिमीटरची सुई घेऊन सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणावा आणि पुढे प्रत्येक साखळीत एक खांब घालत जावे. सोडलेल्या तीन साखळ्या हाच ओळीचा पहिला खांब. त्यासह १२८ खांब भरले पाहिजेत.

खांब विणताना सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यावा, टाक्यात सुई घालून लोकर ओढून घ्यावी, म्हणजे सुईवर तीन फास होतात. पुन्हा वेढा घेऊन दोन फासांतून काढावा आणि शेवटी आणखी एक वेढा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढावा. मोबाईलवर चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला खांब अमेरिकेतल्या पद्धतीत डबल क्रोशे असतो आणि ब्रिटनमधल्या पद्धतीत ट्रेबल. आपला मुका खांब (आधी वेढा न घेता टाक्यातून लोकर ओढून, मग सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढलेला बुटका खांब) अमेरिकेत सिंगल आणि ब्रिटनमध्ये डबल. चित्रफीत कोणत्या पद्धतीची आहे हे कळले नाही तर विणीची उंची निम्मी किंवा दुप्पट होते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

कडा सरळ ठेवणे

संपूर्ण कामात सर्वांत अधिक लक्ष येथे द्यावे. ओळ संपली की काम उलटवून तीन साखळ्या घालाव्यात. हा नव्या ओळीचा पहिला खांब झाला, म्हणून अगदी कडेच्या खांबात पुन्हा खांब घालू नये. दुसरा खांब मागच्या ओळीच्या दुसऱ्या खांबावर येतो. ओळीच्या दुसऱ्या टोकाला मात्र उलट काळजी घ्यावी लागते. तिथे मागच्या ओळीच्या तीन साखळ्या कडेला दुमडून बसलेल्या असतात, त्या खांबासारख्या दिसत नाहीत आणि सहज सुटतात. शेवटचा खांब त्यांच्या सर्वांत वरच्या साखळीतच विणला पाहिजे.

माझ्या बहिणीच्या मुलासाठी विणलेल्या पहिल्या पांघरुणात मी नेमकी हीच साखळी अधूनमधून विसरत होते. रंग सुंदर जमले होते, म्हणून मी फक्त पट्टे मोजत राहिले. चाळिसाव्या ओळीला आत्याने ते जमिनीवर पसरले आणि काही न बोलता खालच्या काठावर आणि वरच्या काठावर आपली वीत ठेवून दाखवली. १२८ खांबांचे ११७ झाले होते. “पट्टे डोळ्यांना दिसतातच गं, तू खांब मोज,” एवढेच ती म्हणाली. चौतीस ओळी उसवाव्या लागल्या. त्यानंतर मी ओळीचा पहिला खांब म्हणून घातलेल्या तिसऱ्या साखळीत तिथल्या तिथे सेफ्टी पीन अडकवते. परत येताना शेवटचा खांब त्या पिनेच्या जागी घालते आणि पीन पुढच्या ओळीला हलवते. शिवाय प्रत्येक पट्ट्याच्या चौथ्या ओळीला १२८ खांब मोजल्याशिवाय नवा रंग घेत नाही. चूक सापडलीच तरी चार ओळींपेक्षा जास्त उसवावे लागत नाही.

रंग बदलणे

नवा रंग नव्या ओळीत सुरू करायचा अशी समजूत असते, पण तसे केले की जुन्या रंगाचा एक ठिपका नव्या पट्ट्यात डोकावतो. रंग बदलायचा तो जुन्या ओळीच्या शेवटच्या खांबाच्या शेवटच्या वेढ्याला. तो खांब नेहमीसारखा सुरू करावा आणि सुईवर दोन फास उरले की थांबावे. आता जुनी लोकर खाली सोडून नव्या रंगाचा वेढा घ्यावा आणि तो त्या दोन फासांतून काढावा. खांब जुन्या रंगाचा राहतो, सुईवरचा फास नव्या रंगाचा होतो. मग काम उलटवून त्याच रंगाच्या तीन साखळ्या घालाव्यात. दोन्ही लोकरींची गाठ मारू नये. गाठ धुण्यात सुटते किंवा उलट्या बाजूला खड्यासारखी बोचते. शेपटे हलकेच ओढून धरून दोन-तीन खांब विणले की वीण स्थिर होते.

रंग योग्य कडेला बदलतो आहे की नाही हे पाहण्याची सोपी खूण आहे. पायाच्या साखळीचे शेपूट ज्या कडेला लोंबते, तिच्या समोरच्या कडेला प्रत्येक बदल आला पाहिजे. शेपटाच्याच कडेला आला असेल, तर पट्ट्यात तीन किंवा पाच ओळी झाल्या आहेत.

रोज संध्याकाळी एक पट्टा, म्हणजे चार ओळी विणल्या तर १९ दिवसांत मुख्य काम होते. नवरात्रात घट बसले की सुरू करावे, दिवाळीच्या आधी हातात येते.

काठ आणि शेपटे

तपकिरी लोकरीने चहूबाजूंनी मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या घालाव्यात. वरच्या आणि खालच्या काठाला प्रत्येक खांबात एक, उभ्या कडांना प्रत्येक ओळीमागे दोन आणि कोपऱ्यांत तीन मुके खांब घालावेत. उभ्या कडेला ७६ ओळींचे १५२ भरतात. कडेने वर गेलेली साईची लोकर या मुक्या खांबांच्या पोटात घ्यावी, म्हणजे ती झाकली जाते. लहान बाळासाठी असेल तर गोंडे किंवा झालर लावू नये, बोटे त्यात अडकतात; आणि एक वर्षाखालच्या बाळाला एकटे झोपवताना कोणतेही सैल पांघरूण अंगावर ठेवू नये.

शेपटे बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या पट्ट्यात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने आणि पुन्हा पहिल्या दिशेने फिरवावीत. शेपटे शेवटी एकदम न घेता प्रत्येक पट्ट्याबरोबर संपवावीत असे मी आग्रहाने सांगेन, कारण अठरा-वीस शेपटांचा ढीग पाहून अनेकींची पांघरुणे वर्षभर अर्धवट पडून राहतात.

धुणे, वाळवणे आणि उरलेली लोकर

पांघरूण कोमट पाण्यात सौम्य साबणाने हलकेच दाबून धुवावे आणि न पिळता जुन्या पंच्यात गुंडाळून पाणी काढावे. दोरीवर टाकले तर पाण्याच्या भाराने ते लांबट होते, म्हणून सावलीत चटईवर पसरून, कडा हाताने सरळ करून वाळवावे. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नये. उष्णतेने तंतू मऊ पडतात, वीण लोळागोळा होते आणि मग पूर्ववत होत नाही.

उरलेल्या लोकरीतून लहान चौकोन, टोपडे किंवा दाराचे तोरण विणता येते. गरम भांडी उतरवायचे हातरुमाल मात्र सुती दोऱ्याचेच विणावेत, कारण तापलेल्या कढईला अ‍ॅक्रिलिक वितळून चिकटते. आणि तिन्ही रंगांची पाच-सहा मीटर लोकर वेष्टनाच्या कागदासह एका पुडीत बांधून पांघरुणाबरोबरच द्यावी. बाळ रांगू लागले की पांघरुणाचा एखादा टाका कुठेतरी अडकून सुटतो आणि त्या वेळी तोच रंग, त्याच लॉटचा, हाताशी लागतो.