कार्नोटाइटचा खडा: ओळखायचा कसा, ठेवायचा कसा

कोलोरॅडो-युटाच्या पठारावर वालुकाश्माच्या खळग्यांत हळद सांडल्यासारखी पिवळीधमक भुकटी दिसली आणि शेजारी अश्मीभूत लाकूड असलं, तर ते बहुधा कार्नोटाइट. पोटॅशियम, युरेनियम आणि व्हॅनेडियमचं हे किरणोत्सर्गी खनिज. १८९९ साली त्याला फ्रेंच रसायनतज्ज्ञ आदोल्फ कार्नो यांचं नाव मिळालं. तिथल्या सोडून दिलेल्या खाणींत मात्र पाऊल टाकू नका, आत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू साठलेला असतो.

ओळख पटवायला नखाने ओरखडू नका. मोहस् मापावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) कठीणपणा जेमतेम २, लगेच भुगा होतो. आधी खडा दूर ठेवून गायगर काउंटरवर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) १० मिनिटं परिसराची मोजणी घ्या, मग खड्यापासून २ सेंटिमीटरवर. दुसरी मोजणी स्पष्ट जास्त आली, तर खडा किरणोत्सर्गी. अतिनील टॉर्चखाली कार्नोटाइट चमकत नाही. झगझगीत हिरवं चमकलं तर ऑट्युनाइट या युरेनियमच्याच दुसऱ्या खनिजाचा संशय घ्यावा.

खरी काळजी धुळीची. खड्यातून निघणारे अल्फा कण (किरणोत्सर्गाचा एक प्रकार) कातडीच्या वरच्या थरातच अडतात, पण श्वासातून धूळ आत गेली की फुप्फुसाला थेट मार बसतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खडा एकदाच प्लास्टिकच्या पारदर्शक डबीच्या तळाला चिकटवून टाका, म्हणजे हलून झिजणार नाही. धुऊ नका, ब्रश मारू नका, फुंकर तर नकोच. भुकटी सांडली तर ओल्या टिश्यूने टिपून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर ती घरभर उडवतो. डबीवर नाव, ठिकाण आणि ‘किरणोत्सर्गी’ असं ठळक लिहा. ती झोपायच्या किंवा मुलांच्या खोलीत नको, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा आणि उघडायची ती बाहेर, मोकळ्यावर.

भारतात युरेनियमची खनिजं अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतात. अमेरिकेतून येताना असा खडा बॅगेत टाकून आणू नका.

खडा काढून घेतला तरी रिकाम्या डबीजवळ काउंटर वाजतो, याने बरेच जण गोंधळतात. काउंटर बिघडलेला नसतो. खड्यातून निघालेल्या रेडॉनपासून बनलेली किरणोत्सर्गी मूलद्रव्यं डबीच्या आतल्या बाजूला बसलेली असतात. त्यातली अल्पायुषी ३-४ तासांत जवळजवळ संपतात, तेव्हा पुन्हा मोजा. तरीही थोडी मोजणी उरली, तर ती सांडलेली भुकटी असेल किंवा शिसे-२१०, म्हणजे रेडॉनपासूनच बनणारं किरणोत्सर्गी शिसं. त्याचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) सुमारे २२ वर्षं. अशी डबी दुसऱ्या कशालाही वापरू नका.