चौथ्या रात्री फोन कोणाला करायचा? अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी वस्तीतला मदतगट

माझी मुलगी चार दिवसांची होती. रात्रीचे दोन वाजले होते आणि आम्ही दोघीही रडत होतो. छाती दगडासारखी घट्ट झाली होती, बाळाला धरताच येत नव्हतं. दवाखान्यातून निघताना औषधांची चिठ्ठी हातात दिली होती, पण अडलं तर विचारायचं कोणाला, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सकाळी शेजारच्या मावशी आल्या. त्यांनी स्तनाग्राभोवती बोटांनी हलकेच दाबून, हाताने थोडं दूध कसं काढायचं ते दाखवलं. तेवढा भाग मऊ झाला आणि बाळ लागलं. दहा मिनिटांचं काम होतं, पण त्यासाठी मी रात्रभर झुरले होते.

गेली नऊ वर्षं मी आमच्या वस्तीत आयांचा मदतगट चालवते. त्या एका रात्रीची आठवण ठेवूनच त्याची घडी बसवली आहे. बहुतेक बायकांना दूध भरून येतं ते दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, आणि तोवर बाळंतीण घरी आलेली असते. म्हणजे खरी अडचण सुरू होते तेव्हा आजूबाजूला जाणकार कोणी नसतं. मदत पोचायला हवी ती तेव्हा. महिन्याभराने दिलेलं उत्तम व्याख्यान तिच्या काही कामाचं नाही.

सुरुवातीला तिघीजणी पुरतात. १९५६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ‘ला लेचे लीग’ ही पाजणाऱ्या आयांना मदत करणारी संघटना सुरू केली ती सात आयांनी, आणि पुढे ते काम कितीतरी देशांत पोचलं. तिघींनी आठवडे वाटून घ्यायचे आणि ज्या आठवड्यात जिची पाळी, तिने रात्रीही फोन उचलायचा. बाई निवडताना तिने किती मुलं पाजली ते मी बघत नाही. तिला गप्प बसून ऐकता येतं का ते बघते. ‘माझ्या वेळी तर...’ असं जिच्या तोंडून सारखं येतं, तिला दुसरं काम द्यावं. शक्य असेल तर एकीने तरी रीतसर प्रशिक्षण घ्यावं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा स्तनपान समुपदेशनाचा ४० तासांचा अभ्यासक्रम आहे.

ओळख बाळंतपणाआधीच व्हायला हवी. आठव्या महिन्यातच आम्ही भेटतो आणि तारीख वहीत लिहून ठेवतो. तेव्हा फार काही सांगत नाही. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घे, सुरुवातीचा चीक थोडाच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागेल. बस. एखादी पाजणारी आई तयार असेल, तर तिच्याशेजारी बसून बघायला मिळावं, एवढं मात्र नक्की जमवतो.

बाळ झालं की तिसऱ्या दिवशी आम्हीच फोन करतो. ‘काही लागलं तर सांग’ म्हणून वाट बघत बसू नका. ओली बाळंतीण स्वतःहून फोन करत नाही. आणि पहिला प्रश्न ‘दूध पुरतंय का?’ हा नको. हा प्रश्न तिला घरात दिवसातून दहादा विचारला जातो आणि दर वेळी तिचा धीर थोडा खचतो. ‘झोपलीस का? जेवलीस का? दुखतंय कुठे?’ असं विचारा.

घरी गेल्यावर आधी नुसतं बघा. एकदा मी घाईने बाळाचं डोकं धरून छातीशी लावलं होतं. बाळ मागे ताणून किंचाळलं, आणि त्या मुलीने पुन्हा मला बोलावलं नाही. तेव्हापासून माझे हात माझ्या मांडीवर असतात. आधी आई टेकून, खांदे सैल सोडून बसली पाहिजे. बाळाचं पोट तिच्या पोटाला, आणि नाक स्तनाग्रासमोर. बाळाने जांभईएवढं तोंड उघडलं की त्याला जवळ घ्यायचं. हनुवटी आधी टेकते. पकड जमली की गाल भरलेले दिसतात आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज येतो. गाल आत जात असतील, चटक-चटक वाजत असेल किंवा आई ओठ चावत असेल, तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. चार वेळा करावं लागलं तरी चालेल.

निघताना भिंतीवर एक कागद लावून येते. बाळाने शू केली की एक रेघ. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त रेघा आणि पिवळी शी, म्हणजे दूध पोटात जातंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वेळेइतकं होतं, हेही त्यावर लिहिते. घरातली वादावादी या कागदाने जितकी थांबते, तितकी माझ्या बोलण्याने थांबत नाही. आजी आल्या-गेल्याला रेघा मोजून दाखवतात! आजीला बाजूला ठेवून गट चालत नाही. बाळाच्या बाबांनाही काम नेमून द्या: रात्री बाळाला उचलून आणणं, ढेकर काढणं, दुपटी बदलणं.

काही गोष्टी आपल्या हातातल्या नाहीत, त्या लगेच डॉक्टरांकडे. बाळ पाजायलाही उठत नसेल, रेघा कमी असतील, पिवळेपणा वाढत असेल. किंवा आईला ताप असेल आणि छाती लाल होऊन दुखत असेल. अशा वेळी त्या बाजूने पाजणं सहसा थांबवायचं नसतं, हे तिला आधीच माहीत असू द्या. ती दिवसेंदिवस उदास असेल, तर तेही तितकंच तातडीचं.

डब्याच्या दुधाच्या कंपन्यांकडून पैसे, भेटवस्तू, नमुने काहीही घेऊ नका. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीविषयी जी संहिता मान्य केली, तिच्यातही आयांना फुकट नमुने देऊ नयेत असं म्हटलं आहे. मात्र वरचं दूध देणाऱ्या आईला आमच्या सतरंजीवर तीच जागा आहे. तिच्याकडे कारण मागायचं नाही.

महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जमतो. मोठी मुलंही येतात. कामावर परतणाऱ्यांचे प्रश्न इथे निघतात. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. कामाच्या ठिकाणी आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि हात धुवायला पाणी मागायचं. स्वच्छतागृहात दूध काढायला कोणी सांगितलं, तर ठाम नाही म्हणायचं. एकटीचं ऐकत नाहीत, म्हणून आम्ही चौघी-पाचजणींच्या सह्यांचा अर्ज देतो.

बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागलं की त्या आईला मी विचारते, ‘आता एकीला फोन तू करशील?’ ‘मला काय येतंय?’ असंच त्या म्हणतात. मग वहीतलं पुढचं नाव आणि तारीख लिहून देते, आणि पहिल्या भेटीला मी सोबत जाते.