डाव्या गुडघ्याची डी सीट

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून विमानातली सीट मी गुडघ्याला विचारून घेतो. यंत्रं दुरुस्त करायचं काम, महिन्याकाठी चार-सहा विमानप्रवास ठरलेले. ‘सगळ्यात चांगली सीट कुठली?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘तुमचं दुखतं काय?’

मधोमध एकच वाट असलेली बहुतेक मोठी विमानं म्हणजे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या घराण्यातली. दोन्हीकडे तीन-तीन सीटा. पुढे तोंड करून बसलं की डाव्या खिडकीपासून ए, बी, सी, मग वाट, मग डी, ई, एफ. म्हणजे सीवाल्याची मोकळी बाजू उजवी आणि डीवाल्याची डावी. डावा पाय लांब करायचा असेल तर डी, उजवा असेल तर सी. इतकी साधी गोष्ट, पण ‘आईल, म्हणजे वाटेकडची सीट, मिळाली’ यातच खूश होऊन मी कितीतरी महिने सीवर बसलो आणि दुखरा पाय बीवाल्याच्या पायांशी दुमडून ठेवला. डावखुऱ्यांनीही डी घ्यावी, खाताना कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जात नाही. फक्त पाय वाटेत सोडलात तर कान उघडे ठेवा. मागून येणारी ट्रॉली आधी लागते, मग दिसते.

वाटेकडचा आर्मरेस्ट हलत नाही असं सगळे धरून चालतात. बऱ्याच सीटांवर तो हलतो. त्याच्या खालच्या अंगाने हात मागे, बिजागरीपाशी न्या आणि बोटाने चाचपा. एक बारीक खाच किंवा कळ लागते. ती दाबून धरली की आर्मरेस्ट वर जातो आणि मांडीला दोन बोटं जागा मिळते. दुखरा पाय वळवून उठायला तर फारच सोपं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र तो खाली हवा.

लेगरूमसाठी लोक इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेवर तुटून पडतात. तिथे बसणाऱ्याला गरज पडली तर दार उघडता आलं पाहिजे, आणि ए३२० चं पंखावरचं दार साधारण १५ किलोचं असतं. या गुडघ्याने ते उचलून बाहेर फेकणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून मी ती रांग घेत नाही. तुम्ही धडधाकट असाल तर जरूर घ्या, पण दोन रांगा लागोपाठ असतील तर मागची. पुढचीची पाठ सहसा मागे जात नाही, कारण मागच्या दाराची वाट अडते. अगदी पहिल्या रांगेचाही मोह पडतो. तिथे समोर भिंत, म्हणून पिशवी पायाशी ठेवता येत नाही, आणि ट्रे आर्मरेस्टमध्ये लपवलेला असल्याने सीट किंचित अरुंद होते. शेवटच्या रांगेबद्दल एवढंच: पाठ सरळ, शौचालय शेजारी.

पोटात ढवळत असेल तर पंखांच्या आसपास बसा. विमान गुरुत्वमध्याभोवती डोलतं, त्यामुळे सी-सॉच्या मधोमध बसल्यासारखं कमी हलतं, शेपटीकडे जास्त. आवाज नको असेल तर इंजिनांच्या पुढे बसा. ए३२० मध्ये मधल्या रांगांना एक गंमत ऐकू येते. विमान दारापाशी उभं असताना किंवा धावपट्टीकडे जाताना खालून कुत्रा भुंकल्यासारखा, करवत ओढल्यासारखा आवाज येतो. घाबरू नका. दोन हायड्रॉलिक यंत्रणांमध्ये दाब पोचवणारं एक युनिट असतं, त्याचा तो आवाज. माझ्या शेजारच्या बाईंनी एकदा ‘सामानात कुणाचा तरी कुत्रा अडकलाय’ म्हणून घंटा वाजवली होती.

आता खिडकी. खिडक्यांची जागा विमानाच्या सांगाड्याने ठरते, सीटांमधलं अंतर विमान कंपनी ठरवते. दोन्हीचा मेळ बसेलच असं नाही, म्हणून खिडकी कधी डोळ्यासमोर येते, कधी खांद्यामागे. बोइंग ७३७ मध्ये तर पंखाच्या जरा पुढे, साधारण १० व्या-११ व्या रांगेपाशी, एक खिडकीच नसते. भिंतीतून एअर कंडिशनिंगची नळी वर जाते. सीट मॅपवर मात्र ती ‘खिडकी’ म्हणूनच रंगवलेली असते. गुडघा धड होता तेव्हा मी तिथे एकदा दोन तास प्लास्टिक बघत बसलो होतो.

ऊन टाळायचं तर दिशा आठवा. सकाळी उत्तरेकडे निघालात तर सूर्य उजवीकडे, म्हणून डावी बाजू घ्या. दक्षिणेकडे असाल तर उलट.

दोघं असाल तर ए आणि सी घ्या, शक्यतो मागच्या भागात. मधली सीट लोक शेवटी घेतात, रिकामी राहिली तर तीन सीटा दोघांच्या. कुणी आलंच तर त्याला कडेची द्या, आनंदाने घेतो. मधे बसायची पाळी आलीच तर ७३७ पेक्षा ए३२० बरं. त्याची केबिन साधारण १६ सेंटीमीटर जास्त रुंद असते, आणि खांद्यांना ते कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी सीट मॅप पुन्हा उघडून बघा. विमान बदललं की नंबर तोच राहतो, पण जागा बदलते. दोन-दोन सीटांच्या छोट्या विमानात पुष्कळ कंपन्या ए, सी, डी, एफ अशी अक्षरं देतात, तिथे माझी डी वाटेलाच राहते. काही कंपन्या सरळ ए, बी, सी, डी लावतात, मग डी खिडकीला जाऊन चिकटते. तिथे मी सी घेतो.